अप्पांच्या चालीचं कुत्रं

गेल्या वर्षी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावरून वारं गेलं. वाचले, बोलणं परत आलं, डावा पाय मात्र ओढत राहिला. त्यांना गावाकडून श्रीगोंद्याला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, रोज चालवा, बसून राहिले तर हा पाय कायमचा जाईल. पहिले आठ दिवस अप्पा संध्याकाळी माझ्याबरोबर बाहेर पडले. मग "पाय दुखतोय" म्हणून खुर्चीत बसले ते तीन महिने घराबाहेर पडले नाहीत. मी रागावले, विनवण्या केल्या, दोन दिवस अबोला धरला. अप्पा ढिम्म. शेवटी मी हात टेकले.

मी शाळेत शिकवते, नवरा साखर कारखान्यात. दिवसभर अप्पा एकटेच. म्हटलं, चालत नाहीत तर निदान सोबतीला कुत्रं आणू. बसून राहणाऱ्या माणसाला बसून राहणारं कुत्रं. एकदा डोक्यात घेतलं की मला धीर नसतो. मी मोबाईलवर शोधून दोन जाती काढल्या, दोन्ही अगदी निवांत. एक पग, चपट्या नाकाचा, मांडीवर मावणारा. दुसरा बॅसेट, लोंबत्या कानांचा, आखूड पायांचा, वजनाला भारी, दिवसभर झोपा काढणारा. कागदावर दोन रकाने आखून केस किती गळतात, खातात किती, भुंकतात किती, सगळं लिहिलं. पगला गुण जास्त पडले. नवऱ्याला कागद दाखवला तर म्हणाला, "ज्यांच्यासाठी आणतेस त्यांना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. खोटं कशाला बोलू, सुचलंच नव्हतं.

अप्पांना सांगितलं तर किती दिवसांनी ते हसले. "आळशी बघून कुत्रं घ्यायचं? आमी राखनीला तिखट कुत्रं बगायचो." मग जरा वेळाने म्हणाले, "पन जनावर बगितल्याबिगर घेऊ नगं. मी येतो."

नगरला एका गृहस्थांकडे दोन्ही जातींचं एकेक मोठं कुत्रं द्यायचं होतं. रविवारी आम्ही गाडी काढून गेलो. मार्चचा महिना, अकराचं ऊन. अप्पांना ओट्यावर खुर्ची दिली. त्यांनी जन्मभर बाजारात बैल पारखले, कुत्रं विकत घ्यायची वेळ पहिलीच. त्यामुळे त्यांनी आधी पगचा ओठ वर करून दात बघितले.

"ह्याचा खालचा जबडा पुढं आलाय की हो."

"आजोबा, जातच तशी आहे," ते गृहस्थ म्हणाले.

"असंल. चालवून दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अप्पा, आपल्याला चालणारं नकोच आहे." ते माझ्याकडे बघेचनात. जनावर चालवून बघितल्याशिवाय त्यांनी कधी घेतलं नव्हतं आणि आता वयाच्या पंच्याहत्तरीत ते नवीन रीत शिकणार नव्हते. गृहस्थ भले होते. त्यांनी पगला गल्लीत नेलं. तो बिचारा तुरुतुरु पळाला, पण परत येईस्तोवर त्याची जीभ बाहेर, घशातून घरघर. अप्पांनी त्याला जवळ घेऊन गळ्याखाली खाजवलं. "लई गुनाचं हाय रं. पन आपल्याकडच्या उन्हात ह्याचे हाल व्हतील." माझ्या कागदावर उन्हाचा रकाना होता, त्यात मी 'पंखा लावू' असं लिहिलं होतं.

मग बॅसेट निघाला. चार पावलं गेला नाही तोच मागे काठीचा आवाज आला. अप्पा उठले होते. उठून ओट्याच्या दोन पायऱ्या एकट्याने उतरले होते. मी घाईने पुढे झाले.

"कुठं निघालात?"

"चाल मागनं बगायची असती," ते म्हणाले आणि कुत्र्यामागे चालू लागले.

बॅसेट थोडं चालायचा, कुणाच्या तरी फाटकाशी थांबून जमीन हुंगायचा, कान फुफाट्यात लोळायचे. तो थांबला की अप्पा थांबायचे. तो निघाला की निघायचे. गृहस्थांनी हळूच साखळी अप्पांच्या हातात दिली. मला हे बघवेना. तीन महिने फक्त खुर्चीपासून न्हाणीपर्यंत जाणारा माणूस अर्धी गल्ली गेला होता आणि वर ऊन. मी तरातरा जाऊन त्यांचा दंड धरला. "बास अप्पा, चला, गाडी इकडेच आणते."

त्यांनी दंड सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी हळू.

"तू नगं धरू, बाई. हे माझ्या चालीचं हाय. तू न्हाईस."

कुत्रं एका फाटकाशी थांबलं, तसे तेही थांबले.

"बैलाची जोड चालीवर लावत्यात. एक पळनारा आन् एक रेंगाळनारा जुपला, की रेंगाळनाऱ्याची मान सोलती. तू चांगलीच हायेस. पन तुझ्यासंगं चालताना मला वाटायचं, कवा एकदा घरला जातो."

त्या आठ संध्याकाळी मी त्यांना कसं चालवलं होतं ते मला आठवलं. मी दोन पावलं पुढे, हात धरलेला, दुसऱ्या हातात मोबाईल. "उचला पाय, अप्पा. उचला ना." कोपऱ्यावर पोचून मी वळून उभी राहायचे आणि ते येईपर्यंत कुकर लावायचाय, पेपर तपासायचेत असं मोठ्याने बोलायचे. मला वाटायचं, मी त्यांना उभारी देतेय. त्यांचा पाय दुखत नव्हता. माझी फार लाज वाटली मला, आणि त्यांची माया आली.

गृहस्थ मागून येऊन म्हणाले, "मग, कुठला नेताय?"

"हे," अप्पा म्हणाले, आणि न थांबता पुढे गेले, कारण कुत्रं निघालं होतं. मीही त्यांच्या मागून निघाले. दोनदा माझं पाऊल त्यांच्या पुढे पडलं. दोन्ही वेळा मी ते मागे घेतलं.