झग्यात न शिवलेलं नाव

एउस्तोलिया मावशी आमच्या गल्लीची शिंपीण. एकेकाळी पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींचे पांढरे झगे तीच शिवायची. नवरा मोठ्या दुखण्यातून उठला, तेव्हा तिने दारात काचेच्या कपाटात सांता मुएर्ते, म्हणजे मरणदेवी, बसवली. अंगभर झगा, हातात विळा, आत नुसती हाडं. आम्ही तिला लाडाने हडकुळी म्हणतो. फादरांनी "ही सैतानाची पूजा" म्हणून मावशीचं काम बंद केलं. पहिल्या वर्षी दर एक तारखेला जपमाळ ओढायला आम्ही चारच बायका होतो. मग टॅक्सीवाले आले, नर्स आल्या, ज्यांची मुलं तुरुंगात त्या आया आल्या. मावशी आता हडकुळीचेच झगे शिवते.

मार्चमधल्या एका दुपारी मी तिच्याकडे जुन्या झग्याच्या बाह्या उसवत बसले होते. एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्याने टेबलावर काळं साटीन ठेवलं आणि वर एक चिठ्ठी.

"झगा शिवा, मावशी. चिठ्ठी खालच्या पट्टीत घाला. दिसता कामा नये." झग्यात ज्याचं नाव शिवतात त्याला हडकुळी नेते, अशी समजूत.

मावशीने चिठ्ठी वाचली आणि उघडीच ठेवली, मला दिसेल अशी. निकानोर ओल्वेरा. माझा नवरा. त्याने एका खुनाची साक्ष पोलिसांकडे दिली होती, खटला अजून उभा राहायचा होता. मी कोण, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. सुई बोटात रुतली, तरी मी मान वर केली नाही.

"गुरुवारी ये," मावशी म्हणाली. "काळ्यावर टाका दिसत नाही मला. घाई जमायची नाही."

तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "घरी कपडे भरत बसू नकोस. आहात तसे निघा."

तासाभरात आम्ही दोघं माझ्या बहिणीच्या गावी जाणाऱ्या बसमध्ये होतो. निकानोरच्या पायात घरातल्या सपाता होत्या.

गुरुवारी काय झालं ते मावशीनेच मला नंतर सांगितलं. तो आला तेव्हा साटीनची घडीही मोडलेली नव्हती. चिठ्ठी मूर्तीच्या पायाशी होती, पांढऱ्या मेणबत्तीखाली. पांढरी राखणीसाठी लावतात, हे त्यालाही कळत होतं. त्याने शर्ट वर करून पिस्तूल दाखवलं.

"हे काय केलंत?"

"तुझंही नाव सांग, लिहिते. ती दोघांनाही नेणारच आहे. घाई करू नको, एवढंच मी तिला म्हटलं."

"मला तिची भीती घालताय?"

"नाही रे. मलाच तुझी भीती वाटतेय. पण कुणाला न्यायचं, हे तिला आपण सांगायचं नसतं."

त्याने शर्ट खाली ओढला. मग कापड उचललं, चिठ्ठी तिथेच सोडली आणि निघून गेला.

खटला संपला आणि ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही परतलो. एक तारखेच्या जपाला गर्दी पार कोपऱ्यापर्यंत होती. निकानोरपासून तीन माणसं सोडून तोच माणूस उभा होता, मूर्तीकडे सिगारचा धूर सोडत; तिला तोही वाहतात. त्याने आम्हाला पाहिलं आणि नजर खाली घेतली. मी निकानोरला काही सांगितलं नाही. जप संपेपर्यंत त्याचं मनगट मात्र सोडलं नाही.