रडायची खोली

परळच्या आमच्या मुलांच्या शाळेत पालकसभा होती. समुपदेशक बाई ज्या खोलीत मुलांशी बोलत बसत, तिथे आता कार्यालय थाटणार, असं मुख्याध्यापकांनी जाहीर केलं. तशा मागच्या बाकावरून एक बाई ताडकन उठल्या. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. कामावरून थेट आल्या असाव्यात. डब्याच्या पिशवीचा बंद त्या मुठीत पिळत होत्या.

“सर, बाप गेल्यापासून माझी मुलगी घरात रडली नाही. एका खोलीत आम्ही पाच माणसं. ती रडली की सासूबाई रडतात, म्हणून पोरगी सगळं गिळून बसते. तुमच्या त्या खोलीत ती पहिल्यांदा रडली. आता तिनं कुठे रडायचं?”

“ताई, बसा. आपण नंतर बोलू.”

“नाही बसणार. आत्ता बोला.”

त्यांची नजर सरांवरून हलत नव्हती. सभेत कुजबुज वाढली, तसे सर नरमले.

“ठीक आहे. सोमवारी आणि गुरुवारी खोली मोकळी ठेवू.”

“म्हणजे बाकीच्या दिवशी पोरांनी रडायचं नाही?”

सरांनी माईक बंद केला. माझं डोकं असं सणकलं, की मीही उठलो आणि तोच प्रश्न मोठ्यानं पुन्हा विचारला.