एकत्र उतरणाऱ्या तारा

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी विजेचे बिल तपासत बसलो होतो. "भावोजी, हे गेले," एवढेच त्या म्हणाल्या. दुखणे जुने होते, तरी बिलावरचे आकडे मला बराच वेळ दिसेनात...

शैलावहिनींचा नवरा अनंता हा माझ्या बायकोचा भाऊ. वयाने माझ्याएवढाच, म्हणून अरेतुरे चाले. तो मात्र चिडवायला मला मुद्दाम भावोजी म्हणे. रत्नागिरीजवळ त्याची आंब्याची बाग. हंगाम संपला की गावोगावच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याचे एकच गाऱ्हाणे होते, ऐन गाण्यात तार उतरते. आम्ही दमट हवेला दोष द्यायचो. त्याचे म्हणणे वेगळे होते. गिटारच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या, त्यामुळे मानेच्या टोकाची हाडाची पट्टी ओलांडली की तारा बाहेर वळतात आणि पट्टीच्या खाचेत घासतात. वाजवताना ताणलेली तार तिथे अडकते, पुन्हा जागेवर येत नाही.

यावर त्याने पहिला उपाय केला तो खोबरेल तेलाचा. खाचांत थेंब थेंब सोडले. दिवाळीपर्यंत झकास चालले. मग जानेवारीत सावर्ड्याला एका शाळेत सकाळचा कार्यक्रम होता. थंडीने तेल थिजले, तारा खाचेत रुतल्या आणि पहिल्याच गाण्यात सगळे बेसूर. ढोलकीवाला माईकसमोरच म्हणाला, "अनंता, तेल लावलंस, आता वेणीपण घाल!" मुलांपेक्षा जास्त अनंताच हसला.

परतताना टेम्पोतून गिटार पडली आणि मागे कललेले डोके मानेपाशी मोडले. झाले, त्याला निमित्तच मिळाले. आंब्याच्या पेट्यांच्या शेडमध्ये त्याने सागवानाची नवी मान कोरायला घेतली. सहाही खुंट्या एका ओळीत, प्रत्येक तार खाचेतून सरळ आपल्या खुंटीकडे. आलेखाच्या कागदावर अंतरे मी काढून दिली. डोके लांबट, एका अंगाला झुकलेले झाले. माझी बायको म्हणाली, "दादा, ही गिटार की विळी?" पहिल्या खेपेला पातळ तारा खाचेत नीट बसेनात, झणझणू लागल्या. त्याने डोके तासून मानेपेक्षा जरा खाली घेतले, तेव्हा जमले.

"हवा बदलणार, लाकूड फुगणार," तो म्हणायचा. "तारा उतरल्या तर उतरू देत. पण सगळ्या एकत्र उतरल्या पाहिजेत, भावोजी. एकटी भलतीकडे जायला नको."

पुढे दुखण्यावरच्या औषधांनी बोटे बधिर झाली, वाजवणे सुटले. खुंट्या मात्र पिळता येत. मेअखेरीस त्याने कानाने गिटार लावली, भिंतीवर टांगली आणि सांगितले, "आता पावसाळाभर कुणी हात लावायचा नाही. गणपतीत बघू, डोकं खरं की खोटं."

तो श्रावणात गेला.

सुतक फिटले होते. गणपती यंदा दीड दिवसाचाच आणला. आरतीच्या आधी पुण्याहून आलेल्या त्याच्या मुलीने, मुक्ताने, गिटार भिंतीवरून काढली आणि खुंटीला हात घातला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "नको गं! शेवटचा हात त्यांचा आहे त्या खुंट्यांवर."

"अगं आई, उतरली असेल ती. बेसूर वाजवू का बाबांची?"

दोघींचेही मला पटत होते. मी म्हटले, "आधी मोजू तरी." फोनवर सूर मोजायची सोय असते, ती उघडली. मुक्ताने एकेक तार छेडली. सगळ्या उतरलेल्या होत्या, पाव सुराच्या आसपास. जाड तार बाकीच्यांहून किंचित अधिक, हेही सांगायला हवे. अनंताने विचारलेच असते. मग तिने सहाही तारा एकदम छेडल्या. कुठेही खटकले नाही. सूर खाली आला होता, पण एकमेकींशी जुळलेला होता...

"बाबा पास," मुक्ता म्हणाली आणि पदराने डोळे पुसणाऱ्या आईकडे बघत राहिली.

बाजाची पेटी त्या सुराला जुळेना, म्हणून ती बंद ठेवली. खुंट्यांना कुणी हात लावला नाही. मुक्ताने गिटार होती तशीच वाजवली आणि आम्ही सगळ्यांनी आरती थोडी खालच्या सुरात धरली.