दादाला न चालणारं जेवण

दादा नेपानगरला कारखान्यात नोकरीला लागला आणि तिथंच, शेजारच्या क्वार्टरमधल्या एका कुटुंबाच्या संगतीनं ख्रिस्ताला मानू लागला. गावी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा माय ओसरीवर तूर पाखडत बसली होती. आमचं गाव इच्छापुरापासून जवळच. केळीची थोडी शेती आणि घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहार. मला वाटलं, आता रडारड होणार. मायनं सूप खाली ठेवलं आणि एकच विचारलं, "तिथं मांस खावं लागते काय रे?"

"नाही माय. उलट आमच्यात खाण्याचे केवढे नियम आहेत." आणि तो उत्साहानं सांगत बसला. ज्याचा खूर दुभंगलेला आहे आणि जो रवंथ करतो, तोच प्राणी शुद्ध. डुक्कर अशुद्ध. खवले नि पंख नसलेला मासा खायचा नाही. घार, गिधाड वर्ज्य. रक्त तर तोंडात जाऊच द्यायचं नाही. मोशेच्या काळापासूनचे हे नियम आता पुष्कळ ख्रिस्ती लोक पाळत नाहीत, पण त्याची मंडळी, म्हणजे त्याच्या चर्चची माणसं, पाळत होती.

"मग तुझा देव आपल्यापेक्षा सोवळ्याचा दिसते," माय म्हणाली. तिनं सूप परत उचललं. त्या दिवशी तो पोटभर जेवून गेला.

अडचण आली ती पुढच्या खेपेला. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खायचं नाही, असंही ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांनी घालून दिलेलं होतं, आणि दादाच्या तेव्हाच्या पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, त्यावर फार कटाक्ष होता. माय वाढत असताना दादानं हात मागे घेतला.

"हे नैवेद्याचं आहे का?"

"घरातलं सगळंच नैवेद्याचं असते ना बाप्पा."

खरंच होतं ते. माय रोज देवापुढे ताट ठेवायची, भोवती पाणी फिरवायची आणि मग त्या ताटातलं अन्न पुन्हा भांड्यांत मिसळायची. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक घास प्रसादाचाच. शुद्ध-अशुद्ध प्राण्यांचे नियम तर आम्ही न वाचताच पाळत आलो होतो. दादाला वर्ज्य झालं ते फक्त मायच्या हातचं वरण.

तो पाणी पिऊन निघून गेला. येणं मात्र त्यानं सोडलं नाही. घरून बायकोनं दिलेला टिफिन आणायचा आणि मायच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून खायचा. माय समोर बसायची. कधी म्हणायची, "सूनबाई पोळी जाड लाटते." तो हसायचा. बाहेरून पाहणाऱ्याला काही बिनसलंय असं वाटलंच नसतं.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. चुलीवर खापर पालथं घातलेलं, माय मांडे करत होती. पुरणाचा पहिला मांडा उतरला तो तिनं देवासाठी न ठेवता वेगळ्या ताटात घडी करून झाकला. जन्मात तिनं असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "तू चूप राह्य."

दादा आल्यावर तिनं ते ताट पुढे केलं. "देवाच्या आधी काढलाय. याला कोणाचा नैवेद्य नाही."

दादानं ताट जवळ ओढलं. "पण स्वयंपाक तर देवासाठीच केला ना, माय?"

"तुझ्यासाठी केला रे."

त्यानं तुकडा मोडला, आणि तसाच ताटात ठेवला. "मनाला पटत नाही," म्हणाला. मायनं ताट उचललं आणि गोठ्यात नेऊन गाईपुढे ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती देवापुढे दोनदा जाऊन बसली.

पुढे मंडळीत नवे पाळक आले. दादानं त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तो नियम दुसऱ्याचं मन दुखावू नये म्हणून आहे. आईच्या ताटावरून उठून तुम्ही कोणाचं मन सांभाळलं?" दादानं ते मला फोनवर सांगितलं. मग म्हणाला, "आधीच्यांनीही खोटं सांगितलं नव्हतं गं. मलाच जे कडक, तेच खरं वाटलं."

तोवर मायचा उजवा हात लुळा पडला होता आणि मी तिला शहरातल्या शनवारा मोहल्ल्यात माझ्या घरी आणलं होतं. दादा एका रविवारी प्रार्थना आटोपून आला, न सांगता मायच्या खाटेजवळ बसला आणि मला म्हणाला, "वाढ. जे असेल ते."

मी मायच्याच रीतीनं नैवेद्य दाखवलेली वरण-बट्टी वाढली. त्यानं घास उचलला तशी माय डाव्या हातानं त्याचं मनगट धरायला धडपडू लागली. जड जिभेनं तिनं सांगितलं, "नैवेद्याचं आहे."

"चालते आता मला, माय."

"नाही चालत." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्यापायी नियम नको मोडू."

त्यानं तिला दोन-तीन प्रकारे समजावलं. पाळकांनी सांगितलं, असंही म्हणाला. ती मान हलवत राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्याचा नियम स्वतःच्या नेमासारखा सांभाळला होता, आणि आता तो तिच्याकडून सोडवून घेणं कोणाच्या हातात नव्हतं. शेवटी दादानं घास खाली ठेवला, तेव्हा ती शांत झाली. मी घडातली दोन केळी काढून दिली. तो ती सोलून तिच्यासमोर खात बसला. त्याच हिवाळ्यात माय गेली.

आता दादा माझ्याकडे आला की मी वाढते ते जेवतो. डुक्कर, रक्त वगैरेंचे नियम तो आजही पाळतो. म्हणतो, तोंडात काय जातं याचा विचार केला की दिवसातून तीनदा देव आठवतो. मंडळीत एक नवी सून आहे. सासरची श्रद्धा तिनं धरली, पण माहेरी सगळे हिंदू. दिवाळीला माहेरचा फराळ खाऊ की नको, असं तिनं त्याला विचारलं.

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, खाऊन ये. आणि आईला काहीच विचारू नको."

"तिला पटलं?"

"माहीत नाही," दादा म्हणाला. "ती म्हणाली, पवित्र शास्त्रात पाहून सांगते."