बॉयकॉट, झेंडू वगळून

गिरणीवाल्यानं आमचा बाजरीचा डबा पायानं लोटला. हातानं नाही. डबा पायऱ्यांवरून असा गडगडला, की वणीच्या गडावरची माकडं दचकली असतील. मी मातीतली बाजरी गोळा केली. राग नाही, रडू नाही. हात आपले चालत होते.

"तुमच्या वस्तीचं दळण नाय. गावाचं ठरलंय."

गुन्हा काय, तर माझ्या बापानं ग्रामसभेत खुर्चीवर बसून विचारलं, की नळाचं पाणी बौद्धवाड्यापर्यंत येता येता का दमतं.

त्या दिवसापासून दुकान बंद. जीप थांबेना. गावची कुत्रीसुद्धा आमच्यावर भुंकेनात. ठराव त्यांनीही वाचला असणार. फक्त तात्यांचा ट्रॅक्टर रोज सकाळी वस्तीवर हजर. तात्या गावचे मोठे बागाईतदार, ठराव त्यांच्याच ओसरीवर झालेला. पण दसरा तोंडावर, आणि चार एकर झेंडू उभा. आमच्या बाया ट्रॉलीत चढायच्या. मीही. अकरा दिवस. ज्यांनी आमचं पीठ अडवलं, त्यांची फुलं आम्ही पाकळी न दुखवता खुडली.

बाराव्या दिवशी हायवेपर्यंत चालत जाऊन नाशिकला कॉलेज गाठलं. इंग्रजीच्या मॅडमनी फळ्यावर क्रियापद लिहिलं, बॉयकॉट. अर्थ विचारला. मी उठले.

"गावानं वस्तीला वाळीत टाकणं."

वर्ग हसला. मॅडम नाही. म्हणाल्या, सुरुवात उलटी आहे. आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचं ते आडनाव. त्यानं कुळांना हुसकायला घेतलं, तर मजुरांनी त्याचं पीक कापलं नाही. दुकानदारानं सामान दिलं नाही, कुणी टपाल पोचवेना. आडनावाचं क्रियापद झालं.

मी खाली बसले. म्हणजे हत्यार आमच्यासारख्यांनी घडवलेलं. गावानं ते आमच्यावर उगारलं आणि स्वतःच्या फुलांपुरतं बाजूला ठेवलं. आणि आम्ही ठेवू दिलं.

संध्याकाळी बायांना सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मजुरी बुडंल." मग फुलांची पाटी उचलून कोपऱ्यात उपडी घातली. म्हणाली, "बुडू दे."

सकाळी हॉर्न वाजत राहिला. कुणी उठलं नाही. तात्या स्वतः उतरले.

"पोरी, सणासुदीला असं करू नये गं. फुलं वाया जातील."

"तात्या, आमच्याशी व्यवहार नाही असं तुम्हीच ठरवलंत. ठराव पाळतोय आम्ही."

ट्रॅक्टर रिकामा गेला. मला आनंदबिनंद काही झाला नाही. ते पलीकडच्या गावातून मजूर आणतील. आणू देत. त्यांच्या बांधावर उभी राहून मी त्या मजुरांनाही हे क्रियापद शिकवणार आहे. त्यांनी नाही ऐकलं, तर पुढच्या वस्तीत जाईन.