सासरी आलेली मोटार

मोटार चोरीची आहे हे मला ठाऊक होतं, तरी स्वस्त मिळते म्हणून मी ती घेतली. चूक माझीच.

विकणारा रेवदंड्याचा मिस्त्री. मुंबईहून समुद्रावाटे मचव्यातून आलेल्या मोटारीचा तो रंग बदलायचा, इंजिनावरचा नंबर कानशीने घासून नवा ठोकायचा. मग ताटात तांदूळ पसरून, नवरीचं नाव लिहावं तसा नवा नंबर बोटाने लिहायचा आणि सगळ्यांना साखर वाटायचा.

"सासरी आली, शेट. आता जुनं नाव काढायचं न्हाय."

खोड मात्र तो कुठल्याच गाडीची काढत नसे. "माहेरची सवय सुटते व्हय?" माझ्या गाडीचं डावं दार गुडघ्याने रेटून वर उचलल्याशिवाय उघडत नसे.

चौलच्या जत्रेला मुंबईचे एक डॉक्टर पायी निघालेले दिसले. मी त्यांना गाडीत बोलावलं. दाराचं सांगणार, तोच त्यांनी सवयीने गुडघा रेटला, दार उचललं आणि आत बसले. मग आपल्याच गुडघ्याकडे बघत राहिले.

पेट्रोलसाठी मिस्त्रीकडे थांबलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "हे दार कधीपासून असं?"

"माहेरपासून, साहेब!" मिस्त्री अभिमानाने म्हणाला.

माझा चेहरा बघून त्याने जीभ चावली. आत गेला, गाडीच्या जुन्या नंबराची पाटी धूळ पुसून आणली आणि वर नारळ ठेवून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. "पोरीला रिकामी कशी धाडू?"

मी खाली उतरलो, चावी त्यांच्या हातात ठेवली.

"डॉक्टरसाहेब, चोरीची आहे हे जाणूनच मी ही घेतली. मला क्षमा करा."