पाच चांगल्या मोटारी

मास्तर गाडीच्या काचा दुरुस्त करायचे, तेही केवळ कानाच्या जोरावर. बटण दाबायचं आणि दाराला कान लावायचा. आतून घुरघुर आली तर काच वर-खाली करणारी छोटी मोटार शाबूत, काच ओढणारी केबल तुटलेली. काहीच आलं नाही तर मोटार जळालेली. तीस वर्षं हेच चाललं होतं.

त्या दुपारी एका नर्सबाईंच्या गाडीची काच अर्ध्यावर अडकली होती. मास्तरांनी कान लावला, दोनदा बटण दाबलं.

"मोटार गेली, ताई. नवी टाकावी लागेल."

त्यांची बायको डबा घेऊन नुकतीच आली होती. "अहो, गेली कुठे? चांगली घुरघुरतेय की! मला इथवर ऐकू येतंय."

नर्सबाईंनीही मान हलवली. मास्तरांनी पुन्हा बटण दाबून दारावर तळवा टेकवला. थरथर हाताला स्पष्ट लागली. कानात मात्र शुकशुकाट होता.

त्यांनी केबल बदलली. काच सरसर वर गेली आणि नर्सबाई निघून गेल्या.

मग मास्तरांनी वर्षभरात जळाल्या म्हणून काढून टाकलेल्या मोटारी पेटीतून बाहेर काढल्या आणि एकेक बॅटरीला जोडली. सातांपैकी पाच गरागरा फिरल्या.

"आधी जेवून घ्या," बायको हळूच म्हणाली.

"काय म्हणालीस?"

ती जवळ येऊन पुन्हा म्हणाली. मास्तरांनी त्या पाच मोटारींवर लिहिलेली नावं पाहून गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या वहीत खुणा केल्या आणि वही तिच्या हातात दिली.

"या पाच जणांना फोन लाव. माझी चूक झाली म्हणून तूच सांग. पलीकडचं बोलणं मला कळायचं नाही."